उधारी विकता येते का?

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रमजान चार-पाच दिवसांवर आला होता. शाळेतून आल्यावर मी आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते, तेवढ्यात धाकटा भाऊ आला. नीट बसलाही नाही. म्हणाला, "आपा, तुझ्या बांगड्या पुन्हा लागतील. दोन-तीन महिन्यांसाठी."

त्यातला "पुन्हा" मला टोचला. आदल्या वर्षीही त्या गहाण पडल्या होत्या. तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि सात महिन्यांनी परत आल्या. चार बांगड्या आहेत. अब्बांची गिरणी बंद पडल्यानंतरच्या दिवसांत अम्मीने पै-पै साठवून माझ्या लग्नात केलेल्या. त्यामुळे त्यांचं वजन सोनाराच्या काट्यावर येतं त्याहून जास्त आहे.

भावाचा व्यवसाय युनिफॉर्म शिवण्याचा. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण आमच्या शहरात शाळांचे, हॉस्पिटलांचे, कंपन्यांचे गणवेशही मोठ्या प्रमाणात शिवले जातात. भावाकडे तीसेक जण काम करतात. कटिंग मास्तर, इस्त्रीवाले आणि बाकी सगळ्या शिलाईकाम करणाऱ्या बायका. काही कारखान्यात येतात, काही घरी कपडा नेऊन शिवतात. मजुरी नगावर.

मी विचारलं, "धंदा तोट्यात आहे का?"

"नाही आपा. फायद्यात आहे. फक्त पैसे नाहीत."

मी भाषा शिकवते. उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवताना वाक्यातला विरोध शोधायला लावते. हे वाक्य मला चुकलेलंच वाटलं. फायदा आहे तर पैसे का नाहीत? मग त्याने खिशातून वही काढली आणि पेपरांच्या गठ्ठ्यावरच ती उघडून मला समजावलं.

एका मोठ्या हॉस्पिटल समूहाची ऑर्डर होती. नर्सचे, वॉर्डबॉयचे, सफाई कामगारांचे कपडे. माल पोहोचला, मोजून घेतला गेला, २० फेब्रुवारीच्या तारखेचं ८ लाखांचं बिल दिलं गेलं. हॉस्पिटलची पद्धत अशी की पैसे ९० दिवसांनी, म्हणजे २१ मे रोजी. पण कापडाचे थान आणले होते त्या व्यापाऱ्याला तीन लाख महिनाभरात हवे होते. मजुरीचे अडीच लाख थकले होते. जीएसटीचा प्रकार तर मला नवीनच होता. गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यावरचा कर भरायचा. म्हणजे हातात न आलेल्या पैशांवरचा कर आधी भरायचा.

आणि पुढची ऑर्डर तयार होती. पहिल्यापेक्षा मोठी. त्यासाठी आणखी कापड लागणार. जितका धंदा वाढेल तितका हात रिकामा होत जाणार. वहीत कमाई होती, गल्ल्यात नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की चांगले चालणारे व्यवसायही बंद का पडतात. अनेकदा कारण तोटा नसतो. पैसा वेळेवर येत नाही, एवढंच असतं.

"कायदा काही नाही का यासाठी?" मी विचारलं.

कायदा आहे, आणि चांगला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ही मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही एक तरतूद लागू झाली. कलम ४३ ब मध्ये एक पोटकलम वाढवलं गेलं. लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो.

"मग तक्रार कर."

भाऊ हसला. "तक्रार केली तर व्याज मिळेल, ते मला नकोच. आणि पुढची ऑर्डर मिळणार नाही, ती मला हवी आहे." आणखी एक किस्सा त्याने सांगितला. नव्या तरतुदीनंतर एका व्यापाऱ्याने त्याला प्रेमाने सुचवलं, "बिलावर तुझा उद्यम नोंदणीचा नंबर टाकू नकोस. आपलं घरचं आहे." घरचं म्हणजे काय, तर कायद्याचं नको.

मी बांगड्या देते म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. रात्री झोप लागली नाही. मनात एकच हिशेब फिरत होता. हॉस्पिटलला ९० दिवस पैसे द्यायचे नाहीत. त्या ९० दिवसांत कापडवाला थांबतो, शिलाईवाल्या बायका थांबतात आणि माझ्या बांगड्या तिजोरीत जाऊन पडतात. म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेला तीन महिन्यांचं बिनव्याजी कर्ज कोण देतंय? आमच्याकडे गरजूला बिनव्याजी, सवलतीने दिलेल्या कर्जाला कर्ज-ए-हसना म्हणतात. मोठं पुण्याचं काम मानलं जातं. इथे ते उलटं झालं होतं. नई जिंदगीतल्या दोन खोल्यांत मशीन चालवणारी बाई एका मोठ्या हॉस्पिटलला कर्ज-ए-हसना देत होती, आणि तिला ते कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. आठवीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकली, पुढे कॉमर्स केलं, आता एका सीएच्या ऑफिसात काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, बांगड्या का गहाण ठेवता? बिलच का नाही विकत?"

बिल विकायचं? मला वाटलं गंमत करते. ती गंभीर होती. या व्यवहाराला फॅक्टरिंग म्हणतात, असं तिने सांगितलं आणि संध्याकाळी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावून कागदावर मांडून दाखवलं. तिथे जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

तुम्ही माल दिला, बिल दिलं. ते बिल म्हणजे अमुक तारखेला अमुक रक्कम मिळण्याचा तुमचा हक्क. हा हक्क तुम्ही बँकेला किंवा फॅक्टरिंग कंपनीला विकता. ती तुम्हाला आज पैसे देते, थोडे कमी. मुदत आली की तुमचं गिऱ्हाईक ते पैसे तुम्हाला न देता तिला देतं. कर्जात आणि यात मोठा फरक हा, की कर्ज देताना बँक तुमची ऐपत पाहते, तुमचं घर आणि सोनं पाहते. बिल घेताना ती मुख्यतः तुमच्या गिऱ्हाइकाची ऐपत पाहते. माझ्या भावाची पत लहान असेल, पण हॉस्पिटलची मोठी आहे. बिलावर ती मोठी पत त्याच्या कामी येते.

नेहमीच्या पद्धतीत कंपनी आधी बिलाच्या साधारण ८० टक्के देते. ८ लाखांच्या बिलावर ६ लाख ४० हजार. उरलेले १ लाख ६० हजार गिऱ्हाइकाने पैसे चुकते केल्यावर, आपला आकार कापून. इथे एक प्रश्न आधीच विचारून घ्यायचा. गिऱ्हाईक बुडालं तर कुणाचं बुडालं? काही करारांत पैसे आले नाहीत तर तुम्हाला घेतलेली रक्कम परत करावी लागते. काहींत तो धोका बिल घेणाऱ्याचा असतो. पहिला प्रकार स्वस्त, पण रात्रीची झोप त्यात मिळत नाही.

आमच्या उपयोगी पडला तो दुसरा रस्ता, ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये यासाठी नियम केले आणि २०१७ पासून हे मंच चालू झाले. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इनव्हॉइसमार्ट ही त्यातली सुरुवातीची तीन नावं. लघुउद्योजक मंचावर आपलं बिल चढवतो. खरेदीदार "होय, हे देणं माझ्यावर आहे" अशी मान्यता देतो. मग वेगवेगळ्या बँका त्यावर बोली लावतात. मी कमी कापतो, मी त्याहून कमी. उद्योजक सर्वांत चांगली बोली निवडतो आणि दोन-एक दिवसांत पैसे खात्यावर येतात. मुदतीच्या दिवशी खरेदीदाराच्या खात्यातून बँकेला रक्कम जाते. महत्त्वाचं म्हणजे खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर बँक उद्योजकाकडे परत येऊ शकत नाही.

अडचण एकच होती, खरेदीदार मंचावर हवा. इथे नशीब कामी आलं. ५०० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१८ पासूनच नोंदणीची सक्ती होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मर्यादा २५० कोटींवर आणली आणि ३१ मार्च २०२५ ही शेवटची तारीख दिली. हॉस्पिटल समूहाची नोंदणी त्याच आठवड्यांत चालू होती. त्या वर्षी ईदही नेमकी ३१ मार्चलाच आली.

विद्यार्थिनीने हिशेब केला. १२ मार्चला पैसे मिळाले तर मुदतीला ७० दिवस उरतात. वर्षाला ९ टक्क्यांची बोली लागली तर ८ लाखांवर ७० दिवसांचे सुमारे १३,८०० रुपये कापले जातील, वर मंचाचं थोडं शुल्क. खासगी सावकाराकडून शेकडा तीनने तेवढेच पैसे तेवढ्याच दिवसांसाठी घेतले असते तर ५६,००० गेले असते.

मी तिला विचारलं, हे सगळं नवीन आहे का? ती म्हणाली, कायदा नवीन आहे, कल्पना जुनी. भारतात रिझर्व्ह बँकेच्या कल्याणसुंदरम अभ्यासगटाने १९८८ मध्ये याची शिफारस केली, १९९१ मध्ये स्टेट बँक आणि कॅनरा बँकेच्या फॅक्टरिंग कंपन्या निघाल्या, २०११ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि २०२१ मध्ये तो सुधारून आणखी वित्तसंस्थांना हे काम खुलं केलं. शब्द तर त्याहून कितीतरी जुना आहे. इतिहासात आपण राजापूरची आणि सुरतेची इंग्रजांची वखार वाचतो. इंग्रज तिला फॅक्टरी म्हणत, कारण तिथे फॅक्टर, म्हणजे कंपनीचा व्यापारी अडत्या, बसत असे. दुसऱ्याचा माल विकणारा, पैसे वसूल करणारा आणि कधी आगाऊ रक्कम देणारा हा माणूस. आपल्याकडे अडत आणि हुंडी होतीच.

घरी आलो तेव्हा आम्हा दोघांना वाटत होतं की सुटलो. अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि तसबीह बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला. "आठ लाखांचा कागद देऊन कमी पैसे घ्यायचे. मधले पैसे दिवस मोजून कापायचे. मग हे सूद नाही तर काय आहे?"

सूद म्हणजे व्याज, आणि व्याज आमच्याकडे हराम. भावाने आजवर बँकेची कॅश क्रेडिट घेतली नाही ती याच कारणाने. त्याची थट्टा करणारे आमच्याच समाजात भरपूर आहेत. पण त्याने आपल्या परीने हे पाळलं आहे. माझ्या बांगड्यांवर काढलेल्या कर्जाचं व्याजही त्याला वर्षभर खात होतं. गरज होती म्हणून मान खाली घालून केलं, एवढंच.

तो मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेला. मीही सोबत गेले, कारण आकडे मला समजावता येत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पैशाचं येणं तिसऱ्याला कमी पैशांत विकणं बहुतेक फकीहांना मान्य नाही. मलेशियातल्या उलेमांनी कर्जविक्रीला काही मर्यादेत परवानगी दिली आहे, पण मी तुम्हाला हे जायज आहे असं सांगू शकत नाही. मग त्यांनी पर्याय सांगितले, आणि मला ते फार व्यवहारी वाटले.

पहिला, येणं पूर्ण रकमेला दुसऱ्याकडे वर्ग होत असेल तर हरकत नाही. फिक्हमध्ये त्याला हवालाच म्हणतात. आज हा शब्द पोलिसांच्या बातमीत सापडतो, पण मूळ अर्थ देणं एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं असा आहे. दुसरा, तुमच्या गिऱ्हाइकालाच सांगा, लवकर दे, मी थोडं सोडतो. दोघांतच व्यवहार, तिसरा कुणी नाही, आधीपासून अट ठरलेली नाही, तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ मध्ये याला मान्यता दिली आहे. तिसरा, माल बनवण्याआधीच आगाऊ रक्कम घ्या. ऑर्डरप्रमाणे वस्तू बनवून देण्याच्या या कराराला इस्तिस्ना म्हणतात आणि त्यात आगाऊ पैसे घ्यायला काहीच अडचण नाही.

उठताना ते भावाला म्हणाले, "बायकांची मजुरी किती दिवस थकली आहे?"

"चार आठवडे."

"तेही कर्जच आहे तुमच्यावर. त्याचाही हिशेब होणार आहे."

परत येताना भाऊ स्कूटरवर एक शब्द बोलला नाही. मला कळत होतं. एका बाजूला सूद, दुसऱ्या बाजूला रमजानच्या तोंडावर थकवलेली मजुरी. ऐपत असूनही देणं लांबवण्याला हदीसमध्ये जुलूम म्हटलं आहे. पण जुलूम हॉस्पिटलचा, आणि गुन्हेगारासारखा बसलेला माझा भाऊ.

त्याने आधी दुसरा पर्याय करून पाहिला. हॉस्पिटलच्या अकाउंट विभागाला विनंती केली की दोन टक्के सोडतो, आत्ता पैसे द्या. उत्तर आलं, "अशी आमच्याकडे सिस्टीम नाही." मग मी म्हणाले, बांगड्या विकू या. गहाण नको, व्याजही नको, मी तुला कर्ज-ए-हसना देते. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आपा, तू मला देणार नाहीस. तू हॉस्पिटलला देणार आहेस."

माझ्या मनात रात्रभर घोळलेलं त्याने एका वाक्यात सांगितलं.

शेवटी त्याने बिल मंचावर चढवलं. अम्मीला सांगूनच चढवलं. अम्मी काही बोलली नाही. १२ मार्चला पैसे आले. १३ तारखेला, अकराव्या-बाराव्या रोज्याला, इफ्तारच्या आधी त्याने सगळ्यांची मजुरी वाटली. मी मुद्दाम गेले होते. एका बाईने पाकीट मोजलं, त्यातल्या दोन नोटा वेगळ्या काढून रुमालाच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाली, "ये बच्चों के कपड़ों के." तिने दोन महिने दुसऱ्यांचे कपडे शिवले होते.

हे जायज होतं की नाही, याचा निकाल मी देणार नाही. तो माझा अधिकार नाही. वाचकांनी आपापल्या उलेमांना विचारावं. ज्यांना हा प्रश्न पडत नाही त्यांनी व्यवहार म्हणून याकडे पाहावं. पण या दोन महिन्यांत मी जे शिकले ते दोघांच्याही कामाचं आहे.

पहिली गोष्ट, उधारी विकता येते, पण ती कागदावर असेल तर. भावाचे आणखी सहा लाख शाळांकडे आणि दुकानदारांकडे अडकले होते. त्यातला एक रुपयाही विकता आला नाही. कुठे ऑर्डर फोनवर, कुठे माल पोहोचल्याची सही नाही, कुठे "भाऊ, विश्वास आहे ना?" विश्वासावर बँक बोली लावत नाही. आता तो प्रत्येक ऑर्डर लेखी घेतो, चलनावर सही-शिक्का घेतो, बिलावर उद्यम नंबर ठळक छापतो. ज्या व्यापाऱ्याला तो नंबर नको होता त्याच्याशी व्यवहार कमी केला. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली २८२ वी, याच विषयावर आहे. उधारीचा व्यवहार असेल तर मुदत ठरवून लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका. आम्ही ती तिलावतीत हजारदा वाचली. वहीत उतरवली नव्हती.

दुसरी गोष्ट, हे औषध आहे, रोजचं जेवण नाही. त्याच्या व्यवसायात शंभर रुपयांमागे सात-आठ रुपये सुटतात. त्यातले पावणेदोन रुपये बिल विकण्यात गेले तर नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. हा खर्च दर ठरवतानाच धरावा लागतो. आणि व्यवसाय मुळातच तोट्यात असेल तर बिल विकल्याने फक्त तोटा लवकर हातात येतो.

तिसरी गोष्ट, बँकेची कॅश क्रेडिट चालू असेल तर येणी आधीच तिच्याकडे तारण असतात. अशा वेळी तिची परवानगी न घेता बिल दुसऱ्याला देता येत नाही. मालात खोट निघाली, गिऱ्हाइकाने वाद घातला तर बिलाला मान्यताच मिळत नाही. आणि मंचाबाहेर फॅक्टरिंग केलं तर गिऱ्हाइकाला लेखी कळवावं लागतं की पैसे आता अमुक संस्थेला द्या. भावाला याचीच लाज वाटत होती. लोक म्हणतील, याने उधारी विकली, म्हणजे हा बुडाला. मी त्याला म्हणाले, सोनं गहाण ठेवायला रात्री जातोस तेव्हा लाज वाटत नाही, स्वतःची कमाई दिवसाढवळ्या मागताना कसली वाटते?

शाळांसाठी त्याने इस्तिस्नाचा रस्ता धरला. ४० टक्के आगाऊ, मगच कापड कापायचं. दोन शाळा सोडून गेल्या. बाकीच्यांनी कुरकुरत दिले. आगाऊ पैशांत कापड रोखीने घेतल्यामुळे कापड व्यापाऱ्याने दरात थोडी सूट दिली, ते वेगळंच.

हॉस्पिटलच्या बाबतीत मात्र एक प्रयत्न अजून चालू आहे. मंचावर कापली जाणारी रक्कम खरेदीदारानेही सोसायची सोय असते. तसं झालं तर भावाला पूर्ण ८ लाख मिळतील, आणि मुदत वाढवून घेण्याची किंमत ज्याला मुदत हवी तो भरेल. मौलानांनी सांगितलेल्या पहिल्या पर्यायाच्या हे सर्वांत जवळचं आहे. भावाने तसा अर्ज दिला. खरेदी अधिकाऱ्याने विचार करून कळवलं, "चालेल. पण मग दर दोन टक्क्यांनी कमी करा."

हे ऐकून अम्मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. म्हणाली, "बघ, इतकं शिकलेले लोक, आणि माप तेच."

वर्गात मी मुलांना मराठीत मिसळून गेलेले अरबी-फारसी शब्द शिकवते. रक्कम, जमा, खर्च, बाकी, वसूल, मुदत, हप्ता, जामीन, कर्ज. दरवर्षी फळ्यावर यादी लिहिते. मुलं वहीत उतरवतात, परीक्षेत गुण मिळवतात. यंदा यादी लिहिताना पहिल्यांदाच "मुदत" या शब्दापाशी थांबले. एका मुलीने अर्थ विचारला. मी म्हणाले, ठरवून दिलेला वेळ. ती म्हणाली, "मॅडम, कुणी ठरवलेला?"

तिची आई शिलाईकाम करते, हे मला माहीत होतं. मी यादी अर्धवट ठेवली आणि उरलेला तास त्या एका शब्दावर बोलले.

बांगड्या सध्या माझ्या हातात आहेत. भाऊ पुढच्या बिलाचा हिशेब करतोय. दोन टक्के दर कमी करायचा की पुन्हा स्वतः कापून घ्यायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही.